पाळण्यातले पाय आणि ड्राफ्टची यादी

दर जुलैत (२०२० पर्यंत जूनमध्ये) अमेरिकेत मेजर लीग बेसबॉलचा, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट होतो. तीस संघ आळीपाळीनं शाळा-कॉलेजातल्या पोरांची नावं पुकारून त्यांना निवडतात. आता वीस फेऱ्या (पूर्वी याहून कितीतरी जास्त), सहाशेच्या वर नावं. शेवटचं नाव पुकारून होत नाही तोच निकालपत्रकं झळकायला लागतात: या संघाला 'ए', त्याला 'सी उणे'. ज्या पोरांनी व्यावसायिक पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) एक चेंडूही अजून खेळलेला नाही, त्यांच्या निवडीला मार्क! पाच-सात वर्षांनी हाच खेळ उलट्या बाजूनं रंगतो. जुनी यादी बाहेर काढायची, कोण मोठा झाला ते बघायचं आणि ज्यांनी त्याला सोडलं त्यांना आंधळं ठरवायचं. या वादात दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, मुरलेल्या स्काउटला, म्हणजे फिरून पोरं हेरणाऱ्याला, पोराची चाल बघूनच कळतं. दुसऱ्याचं म्हणणं, आकडे पुरेसे गोळा करा, मग नजरेची गरज नाही. दोघं एकमेकांना पाण्यात पाहतात, पण दोघांची श्रद्धा एकच आहे: मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. ते डोळ्यांनी दिसतात की यंत्रानं, एवढ्यावरच काय ते भांडण.

माझ्या मते ही श्रद्धाच कच्ची आहे. सतरा ते एकवीस वयाच्या पोरांतला स्टार ड्राफ्टच्या दिवशी नेमका ओळखता येत नाही. कुणाची शक्यता किती, याचा ढोबळ अंदाज बांधता येतो, इतकंच. बाकीचं बरंचसं पुढच्या चार-पाच वर्षांत, मायनर लीगच्या, म्हणजे मेजर लीगखालच्या पायऱ्यांवरच्या, बसगाड्यांत आणि कोचांच्या हाताखाली ठरतं. तेव्हा संघाला जाब विचारायचाच तर 'अमक्याला सोडलंच कसं?' यापेक्षा बियाणं किती घेतलं, कुठल्या भावानं घेतलं आणि पेरल्यावर मशागत काय केली, हे विचारायला हवं.

या वादातलं सगळ्यांचं लाडकं उदाहरण माइक ट्राउटचं. ९ जून २००९ च्या ड्राफ्टमध्ये न्यू जर्सीतल्या मिलव्हिल गावचा हा शाळकरी पोरगा पंचविसाव्या क्रमांकावर लॉस एंजेलिस एंजल्सकडे गेला. त्या वर्षी स्टुडिओत जातीनं हजर राहिलेला तो एकटाच उमेदवार होता. चोवीस नावं पुकारली जाईपर्यंत बिचारा कोट घालून बसून होता. पुढे त्यानं तीनदा 'मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर'चा, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा, किताब मिळवला, आणि 'चोवीस वेळा चुकलेली निवड' ही कहाणी रूढ झाली. पण ती नीट वाचा. चोविसावी निवडही एंजल्सचीच होती आणि तिच्यावर त्यांनी रँडल ग्रिचकला घेतलं. दोन्ही निवडी लागोपाठच्या, त्यामुळे त्या क्रमाला फार अर्थ नसेल. तरी ज्याला देवमाणूस ओळखला असं आपण म्हणतो, त्या संघानंही त्याचं नाव दुसरं घेतलं, हे विसरायचं कशाला? शिवाय ती पंचविसावी निवड मुळात न्यूयॉर्क यांकीजची. एंजल्सच्या मार्क टेशेराला यांकीजनी करारबद्ध केल्याची भरपाई म्हणून ती एंजल्सना मिळाली होती. आणि ट्राउटच्या पाठीशी उभा राहिलेला स्काउट ग्रेग मोरहार्ट हा त्याच्या वडिलांबरोबर मायनर लीगमध्ये खेळलेला. मोरहार्टनं पोराला बारकाईनं जोखलं हे खरंच, पण इतर संघांच्या स्काउटांकडे बापाच्या खेळाची आठवण नव्हती. यात नजर किती, ओळख किती आणि योग किती, याची वाटणी कोण करणार?

याच ड्राफ्टमध्ये ॲरिझोनाकडे सोळावी आणि सतरावी अशा दोन निवडी होत्या. दोन्ही वेळा त्यांनी ट्राउटला सोडलं. सोळाव्यावर घेतलेला बॉबी बोर्चरिंग मेजर लीगपर्यंत पोहोचलाच नाही. सतराव्यावरचा ए. जे. पोलॉक ऑल-स्टार (निवडक उत्तम खेळाडूंचा) सामना खेळला. आणि आठव्या फेरीत, २४६ व्या क्रमांकावर, त्यांनी टेक्सास स्टेट विद्यापीठाच्या पॉल गोल्डश्मिटला उचललं, जो पुढे सेंट लुईसकडून २०२२ चा 'मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर' झाला. एकच स्काउटिंग विभाग, तेच टेबल, तीच यादी. निकाल मात्र एक शून्य, एक चांगला, एक थोर. मग हा विभाग आंधळा म्हणायचा की त्रिकालज्ञ? आणि गोल्डश्मिटची त्यांना खात्री असती तर ते आठव्या फेरीपर्यंत थांबले असते का? उशिराच्या फेरीतल्या प्रत्येक हिऱ्याला हा प्रश्न विचारावा. अल्बर्ट पुहोल्सला सेंट लुईसनं १९९९ मध्ये तेराव्या फेरीत, ४०२ व्या क्रमांकावर घेतलं, म्हणजे आधीच्या बारा फेऱ्यांत खुद्द सेंट लुईसनंच त्याला सोडलं होतं. त्यानं ७०३ होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारले. १९८८ मध्ये माइक पियाझाचं नाव बासष्टाव्या फेरीत आलं, तेही लॉस एंजेलिस डॉजर्सचे व्यवस्थापक टॉमी लासोर्डा यांच्या घरोब्यामुळे, भीड म्हणून. तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या मानाच्या यादीत, आहे. या कहाण्या पारखी नजरेच्या म्हणून सांगितल्या जातात. खरं तर नजर कुठपर्यंत पोहोचते, त्याची हद्द त्या दाखवतात.

आता विरुद्ध बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं. यादीचा वरचा भाग काही चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. १९८७ मध्ये केन ग्रिफी ज्युनियर पहिला, १९९० मध्ये चिपर जोन्स पहिला, १९९३ मध्ये ॲलेक्स रॉड्रिगेझ पहिला, २०१० मध्ये ब्राइस हार्पर पहिला. यांना ओळखायला ज्योतिषी लागला नाही. पहिल्या फेरीतली मुलं दहाव्या फेरीतल्यांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात मेजर लीग गाठतात, हेही निर्विवाद. म्हणजे अंदाजात दम आहे. कबूल. पण किती दम? १९६५ मध्ये ड्राफ्ट सुरू झाल्यापासून २००१ पर्यंतच्या सदतीस पहिल्या क्रमांकांतून हॉल ऑफ फेममध्ये चार जण गेले: ग्रिफी, जोन्स, हॅरल्ड बेन्स आणि जो मावर. रॉड्रिगेझ उत्तेजकांच्या प्रकरणामुळे बाहेर आहे, त्याला धरा आणि पाच म्हणा. अख्ख्या देशातला त्या वर्षीचा सर्वोत्तम म्हणून निवडलेल्या सदतिसांतले पाच! दुसऱ्या टोकाला १९६६ चा स्टीव्ह चिलकॉट आहे. न्यूयॉर्क मेट्सनं या शाळकरी कॅचरला (बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्याला) पहिला घेतला, खांद्याच्या दुखापतीनं तो संपला आणि मेजर लीगमध्ये कधीच दिसला नाही. दुसऱ्या क्रमांकावर कॅन्सस सिटीनं घेतलेल्या रेगी जॅक्सननं ५६३ होम रन मारले. पंचवीस वर्षांनी, १९९१ मध्ये, यांकीजनी ब्रायन टेलर या डावखुऱ्या पिचरला पहिला घेऊन तब्बल १५ लाख ५० हजार डॉलर दिले. १९९३ च्या डिसेंबरात एका मारामारीत त्याचा खांदा गेला आणि तोही कधी वर पोहोचला नाही. मारामारी कुठल्या आकड्यात दिसली असती?

या आकडेवारीत एक मेखही आहे, ती सहसा कुणी बोलत नाही. ज्याच्यावर पन्नास लाख डॉलर लावले त्या पोराला संघ सहजासहजी सोडत नाही. दोन हंगाम चेंडू दिसत नसला तरी त्याला वरच्या पायरीवर ढकलतात, त्याच्यासाठी खास कोच लावतात, जागा बदलून बघतात. अठराव्या फेरीत काही हजारांवर आलेला पोरगा सहा आठवडे चाचपडला की घरी. मग दहा वर्षांनी आपण मोजतो आणि म्हणतो, बघा, वरच्या क्रमांकाचे जास्त यशस्वी! त्यातलं यश गुणांचं किती आणि मिळालेल्या संधींचं किती, हे वेगळं काढल्याशिवाय स्काउटच्या पाठीवर शाबासकीची थाप मारणं घाईचं आहे.

अंदाज चुकतात ते स्काउट आळशी म्हणून नव्हे. अडचण खेळाच्या घडणीतच आहे. बॅटरचे पाच गुण मोजतात: फटका बसण्याचं कसब, ताकद, धाव, फेक आणि क्षेत्ररक्षण. धाव स्टॉपवॉचवर मोजता येते, फेक रडारवर, ताकद सरावातही दिसते. पहिला गुण तेवढा दिसत नाही, आणि तोच नसला तर बाकीचे चार धूळ खात पडतात. का दिसत नाही? पिचरचा उंचवटा होम प्लेटपासून (बॅटर उभा असतो त्या जागेपासून) ६० फूट ६ इंच. पिचर पुढे झेपावून चेंडू सोडतो, म्हणजे प्रत्यक्षात राहतात चौपन्न-पंचावन्न फूट. ताशी ९५ मैलांचा चेंडू ते अंतर सुमारे ०.४ सेकंदात कापतो. त्यातले ०.१५ बॅट फिरवण्यातच जातात. उरलेल्या पाव सेकंदात चेंडू सरळ की वळणारा (स्लायडर), आत की बाहेर, मारायचा की सोडायचा, हे सगळं ठरवायचं. शाळेच्या सामन्यात तोच चेंडू बहुधा ताशी ८० ते ८५ मैलांनी येतो आणि पोराला सेकंदाचे पाच-सात शतांश जास्त मिळतात. वाचताना हे काहीच वाटत नाही, पण बॅटची सुरुवात लांबलचक असलेला, हात मागे नेऊन मग फिरवणारा पोरगा याच फरकावर तगतो. वर गेल्यावर त्याला तो मिळत नाही.

त्यात बॅट वेगळी. शाळा-कॉलेजात धातूची चालते, व्यावसायिक लीगमध्ये फक्त लाकडी. आत आलेला वेगवान चेंडू मुठीजवळ लागला तर धातूची बॅट तो जवळच्या क्षेत्ररक्षकांपलीकडे टाकते आणि तिथे हिट, म्हणजे यशस्वी फटका, लिहिली जाते. लाकडी बॅट तिथेच चिरफाळते आणि चेंडू पिचरच्या हातात. म्हणूनच केप कॉडची उन्हाळी लीग, जिथे कॉलेजची पोरं १९८५ पासून लाकडी बॅटनं खेळतात, स्काउटांना सोन्यासारखी वाटते. शाळकरी पोरांना तेवढीही कसोटी मिळत नाही. न्यू जर्सीसारख्या थंड राज्यात वसंतातला हंगाम तोकडा, चांगल्या बॅटरला समोरचे पिचर मुद्दाम आवाक्याबाहेरचे चार चेंडू टाकून फुकट बेसवर पाठवतात, आणि हाती उरतात ऐंशीएक ॲट-बॅट्स (बॅटिंगच्या संधी). साधा हिशोब करा. खरी कुवत .४०० ची (दर दहा संधींत चार हिट्स) असलेल्या पोराची सरासरी ऐंशी संधींत निव्वळ नशिबानं .३४५ पासून .४५५ पर्यंत कुठेही पडू शकते, आणि तीनातल्या एका खेपेला त्याच्याही बाहेर. एवढ्या भांडवलावर वीस वर्षांचं भविष्य सांगायचं!

स्काउटांची स्वतःची मोजपट्टी यापेक्षा शहाणी आहे, पण वापरणारे तिची वाट लावतात. ती २० ते ८० ची. ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू, आणि दर दहा गुणांमागे एक प्रमाण विचलन (सरासरीपासूनच्या फरकाचं माप). तर दोन पोरांना '५०' मिळाले समजा. एक कॉलेजचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक), एकवीस वर्षांचा, हात सुरक्षित, ताकद बेताची; तो ४५ ते ५५ च्या मध्ये कुठेतरी थांबणार. दुसरा शाळकरी पिचर, ताशी ९८ मैल टाकतो, चेंडू कुठे जाईल ते त्यालाही ठाऊक नाही. तो ७० होईल, नाहीतर दोन वर्षांत कोपराच्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर असेल. वर्तमानपत्रात दोघांपुढे '५०' छापून येतं आणि आपण विचारतो, स्टार कोण? ज्याला स्टारच हवा त्यानं दुसऱ्याला घ्यावं, फुकट जाण्याची तयारी ठेवून. ज्याला जागा भरायची आहे त्यानं पहिल्याला. हा जोखमीचा व्यवहार आहे. भाकिताच्या मार्कांत तो कुठे बसतो?

आकडेवाल्यांनाही २००२ आठवून द्यावं लागेल. ओकलँडकडे त्या वर्षी पहिल्या फेरीच्या सात निवडी होत्या. शाळकरी मुलांचे आकडे भरवशाचे नाहीत, कॉलेजच्यांचे आहेत, या तर्कानं त्यांनी सातही कॉलेजची पोरं घेतली. तर्क चुकीचा नव्हता. निक स्विशर आणि जो ब्लँटन चांगले निघाले, सातांतले चार मेजर लीगला पोहोचले. पण ब्लँटनचा चोविसावा आणि जॉन मॅककर्डीचा सव्विसावा क्रमांक यांच्यामधल्या एका जागेवर सॅन फ्रान्सिस्कोनं शाळकरी मॅट केनला घेतलं, ज्यानं पुढे परफेक्ट गेम टाकला, म्हणजे समोरच्या एकालाही बेसवर पोहोचू दिलं नाही. मॅककर्डी वर गेलाच नाही. पस्तिसाव्यावर आलेला जेरेमी ब्राउन, आकड्यांचा लाडका कॅचर, मेजर लीगमध्ये पाच सामने खेळला. चव्वेचाळिसाव्यावर सिनसिनाटीनं उचललेला शाळकरी जोई व्होटो २०१० चा नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाचा) 'मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर'. कॉलेजची मुलं सरासरीनं कमी जोखमीची, हे तत्त्व यामुळे खोटं ठरत नाही. सरासरीवरून एकेका माणसाचं भविष्य काढता येत नाही, इतकंच दिसतं.

आता कुणी म्हणेल, ते जुनं झालं. आता चेंडूचे फेरे, बॅटवरून सुटल्याचा वेग, पिचरच्या हाताचा कोन, सगळं यंत्रं मोजतात, २०२१ पासून ड्राफ्टआधी कंबाइनही (उमेदवारांचं चाचणी-शिबिर) भरतं. यानं अंदाज सुधारलेत, वाद नाही. पण जे मोजलं जातं, त्याचाच पोरं सराव करतात. पंधरा वर्षांचा पिचर हल्ली रडारचा आकडा वाढवण्यासाठी वर्षभर पूर्ण ताकदीनं फेकतो, आणि १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी पिचर टॉमी जॉनवर केलेली कोपराची ती शस्त्रक्रिया आता शाळकरी पोरांवर होते. म्हणजे ज्या आकड्यामुळे पोरगा यादीत वर चढतो, तोच आकडा त्याच्या कोपराचं आयुष्य खात असतो.

यादीचा क्रम हा गुणांचा क्रम असतो हे तरी खरं आहे का? २०१२ पासून प्रत्येक संघाला पहिल्या दहा फेऱ्यांसाठी ठरावीक रक्कम मिळते. मर्यादा पाच टक्क्यांच्या वर ओलांडली तर पुढच्या वर्षीची पहिली निवड जप्त. त्याच वर्षी ह्यूस्टननं काय केलं बघा. पहिल्या क्रमांकाचा भाव ७२ लाख डॉलर होता. त्यांनी कार्लोस कोरेआला घेतलं आणि ४८ लाखांत पटवलं. वाचलेल्या २४ लाखांच्या जोरावर, जास्त पैसे मागतो म्हणून मागे राहिलेल्या लान्स मॅककलर्सला त्यांनी एकेचाळिसाव्या क्रमांकावर २५ लाख देऊन आणलं. एका निवडीच्या पैशात दीड खेळाडू. याच्या उलट सॅन डिएगोनं २००४ मध्ये महागडी नावं टाळून स्वस्तात पटणाऱ्या गावच्याच मॅट बुशला पहिला घेतला, आणि दुसऱ्या क्रमांकावर डेट्रॉइटला जस्टिन व्हरलँडर मिळाला. बुश बॅटर म्हणून कधी वर आला नाही. बारा वर्षांनी, २०१६ मध्ये, पिचर म्हणून टेक्सासकडून उतरला. दोन्ही वेळा निर्णय पैशाचा होता. एकाचा हिशोब नेटका, दुसऱ्याचा नुसता कंजूष. पण 'स्टार ओळखला की नाही' या चष्म्यातून हा फरक दिसणारच नाही.

आपल्याकडचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. १९८८ चा फेब्रुवारी, आझाद मैदान, शारदाश्रमच्या दोन पोरांची ६६४ धावांची अभंग भागीदारी. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६. त्या दिवसाच्या धावफलकावरून क्रम लावायचा तर कांबळी वर. तो कसोटीत चोपन्नच्या सरासरीनं खेळला आणि तेविसाव्या वर्षी शेवटची कसोटी खेळून बाहेर पडला. आणि पॅड बांधून पुढच्या फलंदाजाच्या जागी ताटकळलेला अमोल मुजुमदार? रणजी पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, भारताची टोपी एकदाही नाही. कारण मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण ठाण मांडून होते. मुंबईच्या जाणकारांनी तिघांनाही बरोबर हेरलं होतं. हेरण्यात खोट नव्हती, जागाच नव्हती. आणि याच मुजुमदारच्या प्रशिक्षणाखाली २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला. हे १९८८ मध्ये कुणी लिहून ठेवलं असतं?

तर मग बघायचं काय? पुन्हा २००९ घ्या. सेंट लुईसनं एकोणिसाव्या क्रमांकावर ट्राउटला सोडून शाळकरी पिचर शेल्बी मिलरला घेतलं. जुनी यादी काढून चुका दाखवण्याच्या खेळात ही घोडचूक. पण तिसऱ्या फेरीत जो केली आला. तेराव्या फेरीत टी.सी.यू.चा (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा) मॅट कार्पेंटर, तेवीस वर्षांचा, कॉलेजचं पाचवं वर्ष, दुसरा कुठला सौदा हाती नाही. बोनस एक हजार डॉलर. एकविसाव्या फेरीत ट्रेव्हर रोझेंथल, कॉलेजात मुख्यतः शॉर्टस्टॉप खेळलेला, ज्याला सेंट लुईसनं पिचर केलं. तेविसाव्या फेरीत मॅट ॲडम्स. चार वर्षांनी, २०१३ मध्ये, सेंट लुईस वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम मालिकेला, पोहोचलं तेव्हा हे पाचही जण संघात होते, आणि हजार डॉलरचा कार्पेंटर त्या हंगामात नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक हिट्स, सर्वाधिक डबल्स (दोन बेसचे फटके) आणि सर्वाधिक धावांवर होता. यातल्या एकालाही कुणी 'भावी स्टार' म्हणून पुकारलं नव्हतं, मिलर सोडला तर. त्यांनी स्वस्तात पुष्कळ शक्यता घेतल्या, पोरांच्या जागा बदलल्या, मायनर लीगमध्ये त्यांच्यावर घाम गाळला. 'ट्राउटला सोडणारे' म्हणून या विभागाला नापास करणारी फूटपट्टी काय कामाची?

आणि उशिरा उमलणाऱ्यांचं काय करायचं? पॉल स्कीन्स २०२० मध्ये शाळेतून बाहेर पडला तेव्हा त्याला कुणीच पुकारलं नाही. त्या वर्षी महामारीमुळे पाचच फेऱ्या झाल्या हे खरं, पण दीडशेवर नावांत तो नव्हता. एअर फोर्स अकादमीत तो कॅचरही होता आणि पिचरही. मग एल.एस.यू.मध्ये (लुइझियाना स्टेट विद्यापीठात) गेला, फक्त पिचिंगवर लक्ष दिलं, एका हंगामात २०९ बॅटर स्ट्राइकआउटनं (तीन स्ट्राइकवर) बाद केले आणि २०२३ मध्ये पिट्सबर्गनं त्याला पहिला घेतला. २०२५ चा साय यंग, म्हणजे नॅशनल लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा किताब, त्याच्याकडे आहे. तीन वर्षांत त्याचे पाय बदलले की पाहणाऱ्यांचे डोळे? बदललं होतं काम आणि शिकवणारे.

मार्क देणाऱ्यांच्या घाईचा फटका मात्र हाडामांसाच्या माणसांना बसतो. एंजल्सचे स्काउटिंग प्रमुख एडी बेन यांच्या विभागानं ट्राउट आणि ग्रिचक दोघांनाही आणलं. २०१० च्या सप्टेंबरअखेरीस संघानं त्यांना काढून टाकलं. ट्राउट मेजर लीगमधला पहिला सामना खेळला तो २०११ च्या जुलैत.